दोन कारकिर्दींच्या सांध्यावर

अमेरिकेतल्या माध्यमिक शाळांत इतिहासाचा गटप्रकल्प म्हटला, की त्याचा साचा बहुधा ठरलेला असतो. वर्गाचे चार-चार, पाच-पाच जणांचे गट पाडायचे, प्रत्येक गटाच्या पदरात एक राष्ट्राध्यक्ष टाकायचा आणि दोन-तीन आठवड्यांनी त्याचा जन्म, निवडणूक, कायदे, युद्धे व मृत्यू यांची मांडणी केलेला एक तक्ता किंवा स्लाइडांचा संच वर्गापुढे सादर करून घ्यायचा. मुले मेहनत घेतात, शीर्षके रंगवतात, पालक कौतुक करतात आणि शिक्षकाची गुणपत्रिका भरते. तेथे इतिहास शिकवताना सुरुवातीची काही वर्षे मीही हेच केले. त्यातून मुलांच्या हाती नेमके काय लागले हे नंतर तपासू लागलो, तेव्हा मन अस्वस्थ झाले. तारखा सापडल्या होत्या, छायाचित्रे सापडली होती. पण एकाही गटाला एकही प्रश्न पडलेला नव्हता.

या साच्याला माझा आक्षेप आहे आणि तो सजावटीपुरता नाही. एका गटाला एक अध्यक्ष दिला, की इतिहास चार किंवा आठ वर्षांच्या पुड्यांत बांधून येतो आणि त्या पुड्यात जे काही घडले ते एकाच माणसाने घडवले, असा समज कोणी न शिकवताच मुलांच्या मनात बसतो. लोकशाही देशातल्या भावी मतदाराच्या मनात हा समज रुजणे मला धोक्याचे वाटते. म्हणून माझे म्हणणे असे, की अध्यक्षाचा 'कालखंड' ही गोष्ट मुलांच्या हाती तयार उत्तर म्हणून जाऊ नये. ती खरोखर एक गोष्ट आहे का, हेच त्यांनी तपासावे. त्यासाठी गटांना अध्यक्ष वाटून न देता, दोन किंवा अधिक कारकिर्दींच्या सांध्यावर बसलेला एकेक प्रश्न द्यावा.

सांधा म्हणजे काय, हे एका उदाहरणाने नीट दाखवतो, कारण सगळा मुद्दा त्यावरच उभा आहे.

अँड्र्यू जॅक्सन हे १८२९ ते १८३७ या काळात अध्यक्ष होते आणि चेरोकी या मूळ अमेरिकी समाजाची त्याच्या भूमीवरून झालेली हकालपट्टी बहुतेक तक्त्यांवर त्यांच्या नावापुढे लिहिलेली असते. मूळ रहिवाशांना मिसिसिपी नदीच्या पलीकडे हलवण्याच्या कायद्यावर त्यांनी २८ मे १८३० रोजी सही केली, हे खरेच आहे. मात्र ज्या सक्तीच्या प्रवासात सुमारे चार हजार चेरोकी मृत्युमुखी पडले असे मानले जाते, तो प्रवास १८३८ आणि १८३९ मध्ये झाला. तेव्हा जॅक्सन टेनेसीतील आपल्या घरी परतले होते आणि अध्यक्षपदी मार्टिन व्हॅन ब्युरन होते. मागे जावे तर धागा आणखी लांबतो. जॉर्जिया राज्याच्या हद्दीतील मूळ रहिवाशांचा जमिनीवरचा हक्क संपवण्याचे वचन केंद्र सरकारने जॉर्जियाला १८०२ मध्येच दिले होते आणि तेव्हा अध्यक्ष होते थॉमस जेफर्सन. जॅक्सन यांनी स्वतः डिसेंबर १८३० मध्ये काँग्रेसला, म्हणजे अमेरिकी संसदेला, पाठवलेल्या संदेशात हे धोरण जवळजवळ तीस वर्षे सातत्याने चालत आल्याचे म्हटले आहे. मग ही घटना कोणाच्या कालखंडातली? या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही एका पुड्यात मिळत नाही, आणि म्हणूनच तो चार मुलांनी महिनाभर डोके लावण्याच्या योग्यतेचा आहे.

वर्गात याची सुरुवात मी एका कागदी पट्टीने करतो. भिंतभर लांबीच्या पट्टीवर गटाने फक्त घटना मांडायच्या: १८०२ चा जॉर्जियाशी झालेला करार, १८२८ मध्ये न्यू एकोटा या चेरोकी राजधानीतून निघू लागलेले 'चेरोकी फीनिक्स' हे वृत्तपत्र, १८३० चा कायदा, १८३२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वुस्टर खटल्यात जॉर्जियाच्या विरोधात दिलेला निकाल, चेरोकी राष्ट्राच्या निवडून आलेल्या नेतृत्वाला वगळून डिसेंबर १८३५ मध्ये झालेला, भूमी सोडून देण्याचा न्यू एकोटाचा तह, १८३६ मध्ये सिनेटने त्याला अवघ्या एका मताने दिलेली मान्यता, १८३८ च्या मे महिन्यात लष्कराने सुरू केलेली धरपकड आणि मार्च १८३९ मध्ये पश्चिमेला पोचलेल्या शेवटच्या तुकड्या. या टप्प्यावर अध्यक्षांची नावे कोठेही लिहायची नाहीत. दुसऱ्या दिवशी रंगीत पारदर्शक कागदाच्या पट्ट्या द्यायच्या आणि प्रत्येकाची कारकीर्द त्यावर अंथरायला सांगायची. जेफर्सन, मॅडिसन, मन्रो, जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स, जॅक्सन, व्हॅन ब्युरन असे सहा रंग त्या एका घटनाक्रमावर पडतात. एकही रंग गोष्टीच्या आरंभाला सुरू होत नाही आणि एकही तिच्या शेवटाला संपत नाही. हे मी तोंडाने दहा वेळा सांगितले असते तरी जे पटले नसते, ते मुले स्वतःच्या हाताने कागद सरकवताना पाहतात.

त्यानंतर साधने. व्हॅन ब्युरन यांनी डिसेंबर १८३८ मध्ये काँग्रेसला वार्षिक संदेश पाठवला. संपूर्ण चेरोकी राष्ट्र मिसिसिपीच्या पश्चिमेकडील नव्या घरी पोचले असल्याचे कळवताना आपल्याला मनःपूर्वक आनंद होत आहे, असे त्यांनी त्यात म्हटले आणि हे लोक विशेष नाखुशी न दाखवता गेले, अशीही पुस्ती जोडली. त्याच महिन्याच्या ३० तारखेला इव्हान जोन्स नावाच्या बाप्टिस्ट मिशनऱ्याने मिसूरीतील लिटल प्रेअरी या ठिकाणाहून एक पत्र लिहिले. तो एका चेरोकी तुकडीबरोबर चालत होता. निघून पंच्याहत्तर दिवस झाले, ५२९ मैल अंतर कापले, थंडी कडाक्याची आहे, अंगावर पुरेसे कपडे नसलेल्यांचे फार हाल होत आहेत, असे तो लिहितो. ही दोन पाने मी गटापुढे शेजारी-शेजारी ठेवतो आणि काही बोलत नाही. एका वर्षी एका मुलीने दोन्ही पानांवरच्या तारखांवर बोट ठेवले आणि बराच वेळ ते उचललेच नाही. मग तिने विचारले, "अध्यक्षांनी हे लिहिले तेव्हा लोक अजून रस्त्यातच होते का?" होय, रस्त्यातच होते. मिसिसिपीवर बर्फ साचल्यामुळे अनेक तुकड्या दक्षिण इलिनॉयमध्ये अडकून पडल्या होत्या. त्या मुलीला जे कळले, ते 'व्हॅन ब्युरन: आठवे राष्ट्राध्यक्ष' अशा मथळ्याच्या तक्त्यातून कळले असते असे मला वाटत नाही.

येथे एक नेहमीचा युक्तिवाद पुढे येतो आणि तो मोठ्या माणसांकडूनही येतो: त्या काळी सगळे असाच विचार करत. कालखंडाची चौकट या युक्तिवादाला खतपाणी घालते, कारण 'जॅक्सनचे युग' म्हटले की त्या युगाचे एकच मन होते असे वाटू लागते. वस्तुस्थिती अशी, की १८३० चा कायदा प्रतिनिधिगृहात १०२ विरुद्ध ९७ मतांनी संमत झाला. पाच मतांचा फरक! न्यू जर्सीचे सिनेटर थिओडोर फ्रेलिंगहायसन यांनी त्याविरुद्ध तीन दिवसांत मिळून सुमारे सहा तास भाषण केले, आणि खुद्द जॅक्सन यांच्या टेनेसीतून निवडून आलेल्या डेव्ही क्रॉकेट यांनी विरोधात मत दिले. चेरोकी प्रमुख जॉन रॉस यांनी न्यू एकोटाच्या तहाविरुद्ध सुमारे १५ हजार सह्यांचे निवेदन वॉशिंग्टनला नेले. उलट बाजूने पाहिले, तर त्या तहावर सही करणाऱ्यांत 'चेरोकी फीनिक्स'चे पहिले संपादक इलायस बुडिनो होते, म्हणजे चेरोकी समाजाचेही एकच मन नव्हते. मतदानाची ही यादी आणि हे निवेदन गटाच्या हाती असेल, तर 'तेव्हा सगळेच तसे होते' हे वाक्य मुले पुन्हा सहजासहजी लिहीत नाहीत.

कालखंडांना नावे कोण देतो, हाही प्रकल्पाचाच भाग व्हायला हवा. जेम्स मन्रो यांच्या कारकिर्दीला पाठ्यपुस्तके 'सद्भावनेचे युग' म्हणतात. हा शब्दप्रयोग जुलै १८१७ मध्ये बॉस्टनच्या एका वृत्तपत्राने, 'कोलंबियन सेंटिनेल'ने, मन्रो त्या शहराच्या भेटीला आले तेव्हा वापरला. बॉस्टन हा विरोधी फेडरलिस्ट पक्षाचा बालेकिल्ला होता, त्यामुळे तेथे झालेले स्वागत बातमीच्या तोलाचे होते. म्हणजे एका पाहुणचाराच्या आठवड्याचे वर्णन पुढे आठ वर्षांचे नाव होऊन बसले. त्या आठ वर्षांतच १८१९ ची आर्थिक मंदी आली आणि मिसूरीला गुलामगिरीसह संघराज्यात घ्यायचे की नाही यावरून काँग्रेस उभी फुटली. १८२० च्या जनगणनेनुसार देशात १५ लाखांहून अधिक माणसे गुलाम होती. हे नाव कोणाच्या डोळ्यांनी पाहून दिले गेले, आणि त्या पंधरा लाखांपैकी एखाद्याला नाव ठेवायला सांगितले असते तर काय ठेवले असते, हा प्रश्न चौदा वर्षांच्या मुलाला पूर्णपणे समजतो.

सांध्यावरचे आणखी प्रश्न शोधायला फार लांब जावे लागत नाही. अब्राहम लिंकन ६ नोव्हेंबर १८६० रोजी निवडून आले आणि त्यांचा शपथविधी ४ मार्च १८६१ रोजी झाला. मधल्या चार महिन्यांत दक्षिणेतील सात राज्यांनी संघराज्यातून फुटून निघण्याचे ठराव केले. हे चार महिने मावळते अध्यक्ष बुकॅनन यांचे की लिंकन यांचे? फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या नावावर असलेला १९३५ चा सामाजिक सुरक्षा कायदा शेतमजूर आणि घरकाम करणाऱ्यांना वगळून झाला होता; कृष्णवर्णीय कामगारांचा मोठा भाग याच दोन कामांत होता. त्यांतील बऱ्याच जणांना तो लागू झाला ट्रुमन यांच्या काळातील १९५० च्या दुरुस्तीने, आणि व्याप्ती आणखी वाढली आयझेनहॉवर या रिपब्लिकन अध्यक्षांच्या काळात, १९५४ मध्ये. मग 'न्यू डील', म्हणजे रूझवेल्ट यांचा सुधारणांचा कार्यक्रम, केव्हा संपला म्हणायचा? वुड्रो विल्सन यांच्या कारकिर्दीला 'प्रगतिशील युग' म्हणताना १९१३ पासून केंद्र सरकारच्या कार्यालयांत कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांना वेगळे बसवण्याचे जे काम झाले, ते कोणत्या रकान्यात घालायचे? विल्यम मन्रो ट्रॉटर हे बॉस्टनचे संपादक याच प्रश्नावर नोव्हेंबर १९१४ मध्ये व्हाइट हाउसमध्ये विल्सन यांच्याशी समोरासमोर भिडले होते. हा प्रसंग घेऊन बसलेला गट विल्सन यांचे शांततेसाठीचे चौदा मुद्दे पाठ करणाऱ्या गटापेक्षा मागे राहील, असे मला वाटत नाही.

आता गटाविषयी. गटप्रकल्पावरची पालकांची सर्वांत जुनी तक्रार अशी, की एक मूल राबते आणि तिघे गुण घेतात. तक्रार खरी आहे आणि दोष मुलांचा नसून आखणीचा आहे. काम असे वाटलेले असते, की एकाने लिहिले तरी चालते. १९७१ मध्ये टेक्सासमधील ऑस्टिन येथे, वेगवेगळ्या वंशांची मुले नुकतीच एका वर्गात आली असताना आणि वर्गांत तणाव असताना, एलियट अ‍ॅरन्सन या मानसशास्त्रज्ञाने 'जिगसॉ' पद्धत आणली. प्रत्येक मुलाकडे धड्याचा असा एक तुकडा, जो इतरांकडे नाही. तो त्याने समजावून दिल्याशिवाय कोणाचाच धडा पुरा होत नाही. इतिहासाच्या साधनांना ही पद्धत जणू मापात बसते. चेरोकींच्या प्रश्नात एकाकडे अध्यक्षांचे संदेश, दुसऱ्याकडे 'चेरोकी फीनिक्स'चे अंक, तिसऱ्याकडे काँग्रेसमधील भाषणे व मतदान, चौथ्याकडे निवेदने आणि पत्रे. आपापल्या साधनाबद्दल प्रत्येकाने स्वतःच्या हस्ताक्षरात एक पान लिहायचे: हे कोणी लिहिले, कोणासाठी, केव्हा, त्याला ते लिहून काय साधायचे होते आणि यात काय आलेले नाही. स्टॅनफर्डचे सॅम वाइनबर्ग यांनी इतिहासकार कागद कसा वाचतात याचा अभ्यास केला, तेव्हा हेच पुढे आले, की जाणकार मजकुराआधी लेखक आणि तारीख पाहतो, तर विद्यार्थी सरळ पहिल्या ओळीपासून वाचत सुटतो. ही सवय लावणे हे या एका पानाचे काम.

मी या पद्धतीत एक भर घालतो. प्रत्येकाने आपला तुकडा समजावून सांगितल्यावर, दुसऱ्याच्या साधनांपैकी किमान एक कागद मुळातून वाचायचा आणि सांगणाऱ्याच्या अर्थाशी आपण सहमत आहोत का, ते दोन ओळींत नोंदवायचे. असे न केल्यास अध्यक्षांचे संदेश वाचणारा मुलगा नकळत अध्यक्षांचा वकील होतो आणि बाकीचे त्याच्या शब्दावर विसंबतात.

साधने मिळवणे आता अवघड राहिलेले नाही. अध्यक्षांची भाषणे आणि संदेश कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील संग्रहात आहेत, जुनी वृत्तपत्रे लायब्ररी ऑफ काँग्रेसने खुली केली आहेत, आणि केनेडी, जॉन्सन, निक्सन यांच्या ध्वनिमुद्रित संभाषणांवर व्हर्जिनिया विद्यापीठाच्या मिलर सेंटरने वर्षानुवर्षे काम केले आहे. अध्यक्षीय ग्रंथालये हा तर खजिनाच आहे. तरी तेथेही सावधपणे पाऊल टाकायला मुलांना शिकवले पाहिजे. या वास्तू खासगी देणग्यांतून उभ्या राहतात आणि त्यांतील संग्रहालयांवर त्या अध्यक्षाच्या चाहत्यांची छाप असते. निक्सन यांचे ग्रंथालय २००७ मध्ये राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ताब्यात आल्यानंतर तेथील वॉटरगेटचे, म्हणजे निक्सन यांना पद सोडायला लावणाऱ्या प्रकरणाचे, जुने दालन काढून टाकण्यात आले आणि २०११ मध्ये नवे दालन उघडले. एकाच इमारतीत एकाच घटनेच्या दोन कथा सांगितल्या गेल्या, हे स्वतःच एका गटाच्या प्रकल्पाला पुरेल इतके मोठे आहे. अध्यक्षांच्या गुणानुक्रमाचेही तसेच. १९४८ मध्ये ५५ तज्ज्ञांच्या मतांवरून केलेल्या यादीत युलिसिस ग्रँट २९ जणांत अठ्ठाविसावे होते आणि जॅक्सन सहावे. सी-स्पॅन या दूरचित्रवाणी वाहिनीने २०२१ मध्ये इतिहासकारांना विचारले, तेव्हा ग्रँट विसावे आणि जॅक्सन बाविसावे आले. दोघांनाही जाऊन तेव्हा शतकाहून अधिक काळ लोटला होता. बदलले ते प्रश्न विचारणारे.

माझ्या मांडणीवर एक आक्षेप मी गंभीरपणे घेतो. अनेक मुलांना गृहयुद्ध आधी की पहिले महायुद्ध आधी, हेच पक्के ठाऊक नसते. अशा मुलांना अध्यक्षांची खुंटी हवी असते आणि ती काढून घेतली तर सगळेच निसटेल, असे काही सहकारी म्हणतात. त्यांचे म्हणणे चुकीचे नाही. क्रम पाठ असावा लागतो, आणि प्रकल्पाच्या आधीचे दोन तास मी केवळ त्यासाठी खर्च करतो. पण खुंटी टांगण्यासाठी असते. जो गट सहा रंगांच्या पट्ट्या स्वतः अंथरतो, त्याला जेफर्सननंतर मॅडिसन आणि मॅडिसननंतर मन्रो हा क्रम तक्ता रंगवणाऱ्या गटापेक्षा पक्का लक्षात राहतो, असा माझा अनुभव आहे, कारण त्या क्रमाशी त्याचे काही काम पडलेले असते. वेळ मात्र जास्त लागतो, हे मान्य केले पाहिजे. दोन आठवड्यांचे काम पाच आठवड्यांवर जाते आणि त्यासाठी अभ्यासक्रमातले दुसरे काही तरी सोडावे लागते. मी ते आनंदाने सोडतो.

मूल्यमापनात अर्धे गुण वैयक्तिक पानांना आणि अर्धे गटाच्या मांडणीला असावेत. 'नॅशनल हिस्ट्री डे' या देशव्यापी स्पर्धेत दोन ते पाच जणांच्या गटाला, आपण विषय कसा निवडला आणि काम कसे केले हे पाचशे शब्दांच्या मर्यादेत लिहून द्यावे लागते. ती प्रथा चांगली आहे, आणि मी तिला एक पान जोडले आहे: गटाचे ज्यावर एकमत झाले नाही ते. या पानाला मी सर्वांत जास्त जपतो. गटात बसून मुले बहुधा भांडण मिटवण्यासाठी मधले, बेचव उत्तर शोधतात आणि शिक्षकाला ते आवडेल अशी त्यांची समजूत असते. मतभेद लिहायला हक्काची जागा मिळाली, की ती समजूत सुटते.

तारखांवर बोट ठेवणाऱ्या त्या मुलीच्या गटाचे हे पान अजून माझ्याकडे आहे. व्हॅन ब्युरन यांना लोक रस्त्यात आहेत हे माहीत होते का, यावर चौघांची तीन मते झाली. एकाने लिहिले, त्यांच्यापर्यंत पोचलेला अहवालच तसा असेल. दोघांनी लिहिले, माहिती मिळवणे हे त्यांचे कामच होते. तिने लिहिले, की धरपकड करणाऱ्या लष्कराचे प्रमुख जनरल विन्फील्ड स्कॉट यांनी त्या शरद ऋतूत वॉशिंग्टनला कोणती पत्रे पाठवली आणि ती केव्हा पोचली, हे पाहिल्याशिवाय मी मत देणार नाही. आणि खाली, प्रकल्पाची मुदत संपून गेल्यावरही, ती पत्रे कोठे पाहता येतील असे मला विचारले होते.